तापली की बंद

मोटारसायकल घ्यायची ठरली ती दादाच्या नोकरीसाठी. हडपसरच्या एका कंपनीत तो उमेदवारीवर लागला होता आणि वर्षभर नीट काम केलं तर कायम करू, असं त्याला तोंडी सांगितलेलं होतं. आम्ही राहायचो खडकीला. पहिली पाळी असली की तो अंधारातच घर सोडायचा, पुणे स्टेशनला उतरून दुसरी बस धरायचा, आणि ती दुसरी बस आली तर आली. गेटवर पोचायला उशीर झाला की सुपरवायझर काही बोलायचा नाही, फक्त मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा. त्याचं ते न बोलणं दादा घरी येऊन आम्हाला ऐकवायचा. "आज परत बघितलं घड्याळाकडे," एवढंच म्हणून तो ताटावर बसायचा आणि मग आईची त्याला काही विचारायची हिंमत व्हायची नाही.

खडकी बाजारात रंगाच्या एका दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. घरात कायम खालून रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास यायचा आणि वरून आईच्या फोडणीचा. आई-बाबा भंडाऱ्याकडचे. बाबा नोकरीनिमित्त इकडे आले ते आलेच, पण आईने भंडारा सोडलं नव्हतं. ती जवसाची चटणी करायची, रविवारी गोळाभात करून त्यावर लसणीचं कडकडीत तेल ओतायची आणि बोलायचीही तिकडचंच. शेजारच्या बायका हसायच्या, ती त्यांच्याकडे दुर्लक्ष करायची. माझी भाषा मात्र पुण्याने लहानपणीच घासून गुळगुळीत करून टाकली. आता कधी एकटी असताना मी मुद्दाम "काहून बाप्पा" म्हणून बघते. ते माझ्या तोंडून नाटकातल्यासारखं वाटतं.

बाबांना फार कमी ऐकू यायचं. उजवा कान लहानपणीच पू होऊन गेला होता आणि डावा हळूहळू चालला होता. ते एका कारखान्यात तयार झालेल्या भागांची मापं तपासायचे. ते काम डोळ्यांचं आणि बोटांचं, त्यामुळे नोकरी टिकली. घरी त्यांचा कान मी होते. कोणी आलं की मी बाबांच्या डाव्या बाजूला बसायची आणि पाहुणा जे बोलेल ते त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगायची. हे कधी सुरू झालं ते मला आठवत नाही. आईचं बोलणं त्यांना ओठांवरून कळायचं, दादाचं कळायचं नाही, कारण दादा खाली मान घालून बोलायचा. बापलेकांमध्ये जे काही बोलणं व्हायचं त्यातलं बरंचसं माझ्यातून जायचं.

गाडी दापोडीच्या एका गृहस्थांकडून घेतली. काळी, शंभर सीसीची, टाकीवर लाल पट्टा. ते गृहस्थ म्हणाले होते, "सकाळी लवकर या, नंतर मी सापडत नाही." आम्ही तिघं सकाळीच गेलो. त्यांनी एका किकमध्ये गाडी चालू केली, दादाने एक चक्कर मारली, बाबांनी हँडल, चेन, चाकांचे स्पोक, सगळं बोटांनी चाचपलं. मी बाबांना सांगितलं, "आवाज छान आहे." छान होताच तो. येताना दादा गाडीवर आणि आम्ही दोघं बसने. बस बोपोडीच्या चौकातून वळताना खिडकीतून मला दादा दिसला. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून तो किक मारत होता, पुन्हा पुन्हा. मी बाबांना काही सांगितलं नाही. मला वाटलं, पेट्रोल संपलं असेल.

आईने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "काळी काहून घेतली जी? दुसरा रंग नव्हता का?" बाबांची नजर गाडीवर होती, त्यांना कळलं नाही आणि मीही ते सांगितलं नाही.

गाडीचा आजार असा होता. सकाळी गार असताना ती शहाण्यासारखी चालू व्हायची. होळकर पुलापर्यंत ठीक. मग मिसिंग सुरू व्हायचं, म्हणजे एक ठोका पडायचा आणि दुसरा गिळला जायचा. बंडगार्डनच्या पुढे कधी मूठ न पिळताच इंजिन ओरडत सुटायचं, कधी सिग्नलला थांबली की दम तोडायची. मग अर्धा तास कितीही किका मारा. ती गार झाली की जणू काही घडलंच नाही अशी चालू. दादाचा उजवा पाय घोट्यापाशी सुजलेला असायचा. बसने जेवढा उशीर व्हायचा त्यापेक्षा आता जास्त व्हायला लागला, आणि बसला दोष देता यायचा तोही गेला.

बाजाराच्या टोकाला इक्बालभाईंचं गॅरेज होतं. त्यांच्या तीन पिढ्या पुण्यात गेलेल्या, त्यांचं मराठी आमच्या शाळेतल्या बाईंपेक्षा शुद्ध आणि जीभ तेवढीच तिखट. गाडी बघून ते म्हणाले, "अभिनंदन. कोणी आहेर म्हणून दिली का?" दादा चिडला. इक्बालभाईंनी प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून बारीक भोकांतून हवा मारली, टाकीत गंज होता म्हणून रॉकेल आणि नटबोल्ट घालून ती खळखळ हलवून धुतली. दर वेळी गाडी गॅरेजच्या दारात सुरेख चालायची. दर वेळी दादा ती हातांनी ढकलत परत आणायचा. शेवटी इक्बालभाईंनी हात टेकले. "हे बघ अरुण, मला जेवढं येत होतं तेवढं करून झालं. आता मी आणखी काही बदललं तर ते तुला बरं वाटावं म्हणून असेल, गाडीला नाही."

बाबांना मात्र यात हरण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांची सगळी हयात चूक शोधण्यात गेलेली. ते म्हणायचे, "वस्तू खोटं बोलत नाही. बिघाड आहे म्हणजे कुठेतरी आहे. आपण तिथे पोचलो नाही, एवढंच." एका रविवारी त्यांनी गाडी खालच्या बोळात घेतली. इंजिन पूर्ण तापू दिलं. मग एका वाटीत ऑइल आणि दादाचा जुना दाढीचा ब्रश घेऊन जमिनीवर बसले आणि मला जवळ बसवलं. इंजिनमध्ये कुठूनतरी फालतू हवा शिरत असेल, तर त्या जागी ऑइल लागताच ती क्षणभर बंद होईल आणि आवाज बदलेल, असा त्यांचा हिशेब. त्यांना आवाज ऐकू येणार नव्हता. म्हणून मी.

"आता?" ते विचारायचे. मी मान हलवायची, नाही. ते ब्रश पुढे सरकवायचे. "आता?" नाही. निळ्या धुराने माझे डोळे चुरचुरत होते. दादा जिन्याच्या पायरीवर बसून बघत होता, ओठ मुडपून. कार्बोरेटरभोवती झालं, सिलिंडरच्या बुडाशी झालं. मग बाबा जवळजवळ आडवे झाले आणि इंजिनच्या पोटाखाली, जिथे रस्त्याची घाण साचते तिथे, त्यांनी ब्रश फिरवला. अडखळणारं ते इंजिन एकदम सरळ बोलायला लागलं. फट फट फट फट, एकही ठोका न गिळता.

मी ओरडलेच, "बाबा! तिथेच! तिथेच आहे!" आणि हे त्यांना ऐकू आलं. त्यांनी दुसरा हात इंजिनवर टेकवला, भाजेल इतकं गरम होतं तरी, आणि हसले. दादा पायरीवरून उठून आला. त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात असं कोणी करत नसे. माझ्या आठवणीत दादाने बाबांना आपण होऊन हात लावला तो तेवढाच.

तो आनंद दुपारच्या जेवणापर्यंत पुरला. इक्बालभाई आले, त्यांनी त्या जागेवरचा रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडला. रंगाखाली भेगा बुजवायची लांबी निघाली, लोखंडासारखी घट्ट होणारी, आणि लांबीखाली चीर. इंजिनच्या कवचाला आडवी, बोटभराहून लांब. गाडी कधीतरी दगडावर नाहीतर दुभाजकावर चांगलीच आपटली होती. कोणीतरी चीर बुजवून वर रंग दिला होता. गार असताना चीर मिटलेली, तापली की उघडायची. दापोडीच्या गृहस्थांनी सकाळी का बोलावलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. दादा त्याच पावली दापोडीला गेला. ते गृहस्थ त्याला दारातच म्हणाले, "माझ्याकडे होती तेव्हा तर व्यवस्थित चालत होती, बुवा." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"कवच नवीन मिळत नाही," इक्बालभाई म्हणाले, "ही गाडीच बनायची बंद झाली. जुन्या बाजारात मिळालं तरी त्यावर इंजिनचा नंबर वेगळा, म्हणजे आरटीओचे खेटे. वेल्डिंग करून बघता येईल. पण आधीच सांगतो, माझा विश्वास नाही." हे मी बाबांच्या कानात सांगितलं. बाबा म्हणाले, "जागा सापडलीय ना? मग झालं." अख्खं इंजिन खोललं गेलं, कवच भवानी पेठेतल्या एका वेल्डरकडे जाऊन आलं. बाबांनी त्याच्यावर बोट फिरवून पाहिलं. ते बोट त्यांनी वेल्डिंगवरून दोनदा फिरवलं, हे मी पाहिलं.

नंतरचे थोडे दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते. गाडी चालली. दादा पाळीच्या आधी पोचायला लागला, येताना हडपसरच्या मंडईतून आईसाठी ताजी मेथी, कधी वांगी आणायला लागला. पाठीमागे बसवून त्याने आईला कात्रजच्या सर्पोद्यानात नेऊन आणलं. घाबरून तिने पूर्ण रस्ता डोळे मिटून घेतले होते, आणि घरी येऊन म्हणाली, "सापाचं काही नाही बाप्पा, रस्त्यानंच जीव गेला माहा." आम्ही सगळे हसलो. बाबांना मी सांगितलं तेव्हा ते आमचं हसून झाल्यावर एकटेच हसले.

वेल्डिंग गेलं ते फातिमानगरच्या पुढे, पहिल्या पाळीला जाताना. त्या आठवड्यात कंपनीत उमेदवारांमधून कोणाला ठेवायचं ते ठरत होतं आणि साहेब स्वतः गेटवर उभे राहत होते. दादाने गाडी तिथेच सोडली असती आणि रिक्षा केली असती तर पोचला असता कदाचित. पण त्याला वाटलं, आता चालू होईल. आता होईल. तो किका मारत राहिला. पोचला तेव्हा साहेबांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. महिनाअखेरीस त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

घरी येऊन त्याने हे आईला सांगितलं, आईने स्टोव्ह बंद केला आणि तशीच बसून राहिली. मी बाबांच्या कानात सांगितलं. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "वेल्डिंग बसलं नव्हतं. मला बोटाला कळलं होतं." त्यांच्या तोंडून असं पूर्वी कधी आलं नव्हतं, की कळूनही उपाय नव्हता. त्या दिवसानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही.

दादाने लावला. त्याने कुठूनतरी तीच लांबी आणली, चीर बुजवली, वर काळा रंग दिला, टाकी पुसून चकचकीत केली. मग ओळखीतून एक गिऱ्हाईक ठरवलं आणि त्याला सकाळी लवकर यायला सांगितलं. हे तो माझ्यासमोरच बोलला. मी काही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की गाडी एकदाची जावी. तिच्यावरून रोज वाद व्हायचे, आणि ते वाद माझ्यातूनच जायचे.

शिरूरकडचे बापलेक आले. मुलगा दादापेक्षा थोडा लहान, नवीन कडक इस्त्रीचा शर्ट. वडील टोपी घातलेले, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. मुलाला पिंपरीला काम लागलं होतं. दादाने एका किकमध्ये गाडी चालू केली. मुलाचे डोळे चमकले. त्याने एक चक्कर मारली, हसत परत आला. सगळे वर आले, आईने चहा टाकला. व्यवहार दादाशीच चालला होता, पण ते वडील जुन्या वळणाचे. पोराबाळांशी बोलून त्यांचं समाधान होईना. ते बाबांकडे वळले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "पोराला रोज लांब जायचं हाय. गाडी काय तरास देती का? तुमी एकदा सांगा, म्हंजी आमी निर्धास्त."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीप्रमाणे. दादानेही पाहिलं. त्याच्या त्या नजरेचा अर्थ न कळायला मी काही लहान नव्हते. "किती जुनी आहे असं विचारताहेत" एवढं जरी मी म्हटलं असतं तरी काम झालं असतं. कोणाला कळलंही नसतं. इतक्या वर्षांनी लोकांना हा प्रसंग सांगताना मी मोठी सत्यवादी होते असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागतं. तसं काही नव्हतं. मी काही ठरवलंच नाही. माझ्या तोंडाला एकच सवय होती. मी वाकले आणि बाबांच्या डाव्या कानात प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"देते," बाबा म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, मोठ्याने. "तापली की बंद पडते. इंजिनला चीर आहे, खालून. बुजवलीय, पण उघडणार."

त्या मुलाने वडिलांकडे पाहिलं आणि मग आपल्या नव्या शर्टाकडे. वडील उठले. "बरं झालं बोलला," ते म्हणाले, आणि आईला, "च्या राहू द्या, माय." जिन्यावरून त्यांच्या वहाणांचा आवाज खाली गेला.

दादा बाबांवर ओरडला. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, काही कळेना त्यांना. मग ते एवढंच म्हणाले, "अरे, तो पोरगा तुझ्याच वयाचा होता."

"मीपण माझ्याच वयाचा आहे!" दादा म्हणाला. "माझं काय?"

हे मी सांगितलं नाही. मग तो माझ्याकडे वळला. "त्यांना ऐकू येत नाही. तुला येतं ना? तुला डोकं नाही?"

"मला जे ऐकू आलं ते सांगितलं," मी म्हणाले.

"सांग मग. जन्मभर सांगत बस."

गाडी पुढे पावसाळाभर बोळात उभी राहिली आणि शेवटी भंगारवाल्याने हातगाडीवर घालून नेली. तोवर दादा घरात नव्हता. त्या सकाळनंतर आठवड्याभरातच त्याचा एक मित्र सुरतेला चालला होता, त्याच्याबरोबर जायचं त्याने ठरवलं. तिथे काय काम, कुठे राहणार, काही सांगितलं नाही. आईने रडत रडत डब्यात जवसाची चटणी भरली, वर घट्ट फडकं बांधलं. "पोचल्याबरोबर कळव रे बाबू," ती म्हणत होती, "दिवाळीले ये." बाबा दाराशी खुर्चीवर बसले होते. त्याने वाकून नमस्कार केला नाही. पिशवी उचलली आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर, आमच्याकडे पाठ असतानाच, भिंतीला सांगावं तसं बोलला.

"या घरात परत पाऊल टाकणार नाही. कोणी मेलं तरी मला कळवू नका."

आईने पदर तोंडात कोंबला. बाबांनी त्याचे खांदे हललेले पाहिले होते, म्हणजे तो काहीतरी बोलला हे त्यांना कळलं होतं. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणाला?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, वाकले.

"येतो म्हणाला."

बाबांनी मान हलवली. "बरं," ते म्हणाले, आणि तो जिना उतरून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

दादा आला नाही. दोन पत्त्यांवर पाठवलेली पत्रं परत आली, तिसरं परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. बाबा गेले तेव्हा मी त्या तिसऱ्या पत्त्यावर तार केली. आई त्यानंतर चार वर्षांनी गेली, तेव्हा कुठे कळवायचं हेच माहीत नव्हतं. आता तो कुठे असेल, असेल का, मला ठाऊक नाही. शेवटच्या वर्षांत बाबांना मी कानात कितीही ओरडले तरी ऐकू येत नसे. मी पाटीवर लिहून दाखवायची. कोणी जुनं ओळखीचं भेटायला आलं आणि हातवारे करून अरुणची चौकशी केली, की बाबा माझ्याकडे वळायचे नाहीत. या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांना माझी गरज नव्हती. ते आपल्या मोठ्या, सपाट आवाजात सांगायचे, "सुरतेला आहे. येतो म्हणून गेलाय."